विंडोज नवे झाले. शेजारचा संगणक मात्र दिसेना!

वडीगोद्री, प्रतिनिधी – मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संगणकप्रणालीचा नियमित सांभाळ थांबविला. नोंदणी करणाऱ्या वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. तरीही अनेकांनी 'विंडोज ११'ची वाट धरली. नवी प्रणाली बसते, पडदा उजळतो, इंटरनेटही चालू होते. पण शेजारच्या टेबलावरील संगणकातील फायली तेवढ्या उघडत नाहीत. कालपर्यंत एका टिचकीसरशी उघडणारा फोल्डर आज 'नेटवर्क पाथ सापडत नाही' असे बजावतो.

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील वडीगोद्री (ता. अंबड) सारख्या बाजारगावात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. एकाच गाळ्यात दोन-तीन संगणक, एक स्कॅनर आणि एक प्रिंटर एवढ्या सामग्रीवर झेरॉक्सची दुकाने व सेवा केंद्रे चालतात. एका संगणकावर कागदपत्रे स्कॅन होतात, दुसऱ्यावर अर्ज भरला जातो, तिसऱ्यावरून प्रत निघते. पीकविम्याचा अर्ज असो, जातप्रमाणपत्राचा असो वा परीक्षेचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हा दुवा तुटला, तर त्याची किंमत रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. अशा वेळी घाईघाईने केलेला उपाय पुढे अधिक महागात पडू शकतो. म्हणूनच बिघाड नेमका कोठे होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकांची बोलीभाषा

दोन संगणक फायलींची देवाणघेवाण करतात तेव्हा ते ठरावीक नियमांनी एकमेकांशी बोलतात. या नियमावलीला 'एसएमबी' म्हणतात. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी तिचा पाया घातला. १९९२ मधील 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'मुळे ती कार्यालयांत रुळली. 'विंडोज व्हिस्टा'बरोबर तिची दुसरी आणि २०१२ मध्ये 'विंडोज ८'बरोबर तिसरी पिढी आली.

पहिली पिढी ज्या काळात घडली, त्या काळी कार्यालयातील संगणक बाहेरच्या जगाशी जोडलेले नव्हते. घरातल्या घरात कोण कोणाला फसविणार, असा तिचा भाबडा हिशेब होता. पुढे इंटरनेट आले आणि हा भाबडेपणा नडला. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने पहिल्या पिढीच्या एसएमबीतील एका दोषाचा लाभ उठवीत सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक वेठीस धरले. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती; ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना फटका बसला. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, त्याच दोषाचा वापर करणाऱ्या 'नॉटपेट्या'ने जगभर धुमाकूळ घातला आणि नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'विंडोज १०'च्या आवृत्तीपासून, नव्याने बसविलेल्या प्रणालीत एसएमबीची पहिली पिढी मुळात देण्याचेच बंद झाले. लिनक्ससाठी याच नियमावलीचा मुक्त अवतार असलेल्या 'सांबा'नेही २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून ती आपसूक चालू ठेवणे सोडून दिले. तात्पर्य, नव्या प्रणालीत दिसणारी अडवणूक ही बहुतेक वेळा बिघाड नसून जाणीवपूर्वक घातलेला अडसर असते.

आधी रस्ता तपासा

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात. क्रम सोडल्यास कोणत्या उपायाने गुण आला, हेच कळत नाही.

सर्वप्रथम, दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत काय? वायफाय बंद पडल्याने एक संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि दुसरा राउटरवर असेल, तर इंटरनेट दोन्हीकडे चालेल. पण ते एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. राउटरच्या 'गेस्ट' वायफायवरही हीच गत होते. फायली ज्या संगणकात आहेत तो 'स्लीप'मध्ये तर गेलेला नाही ना, हेही पाहावे. नवी प्रणाली बसविताना वीजबचतीची मांडणी बदललेली असू शकते.

दुसरी बाब नेटवर्कच्या प्रकाराची. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का मारते. 'पब्लिक' म्हणजे बसस्थानकासारखी जागा. तेथे संगणक दार लावून बसतो. नव्या मांडणीत आपल्या दुकानातील नेटवर्कलाही हाच शिक्का बसलेला आढळतो. 'सेटिंग्ज'मधील 'नेटवर्क अँड इंटरनेट' विभागात जाऊन तो 'प्रायव्हेट' करावा आणि 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हे दोन्ही पर्याय चालू करावेत. दोन्ही संगणकांवर हे करणे आवश्यक आहे.

यानंतरही 'नेटवर्क'च्या यादीत शेजारचा संगणक दिसत नसेल, तर धीर सोडू नये. यादीत न दिसणे आणि संपर्क नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुनी यादी एसएमबीच्या पहिल्या पिढीवर विसंबून होती. ती गेल्याने यादीही गेली. आता हे काम 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' आणि 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' या दोन सेवा करतात. 'सर्व्हिसेस'च्या खिडकीत त्या 'ऑटोमॅटिक' करून सुरू कराव्यात. खात्री करण्यासाठी फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेषा (\\) आणि त्यापुढे त्या संगणकाचे नाव लिहावे. नावाने उघडला नाही, तर त्याचा आयपी क्रमांक इंग्रजी अंकांत लिहावा. क्रमांकाने फोल्डर उघडला, तर रस्ता शाबूत आहे आणि दोष केवळ नाव शोधण्यात आहे, असे समजावे. डेस्कटॉपवरील जुना शॉर्टकट आयपी क्रमांकाने केलेला असेल आणि राउटरने मुख्य संगणकाला नवा क्रमांक दिला असेल, तर तो शॉर्टकट अर्थातच फसतो. मुख्य संगणकाचा क्रमांक राउटरमध्ये राखून ठेवणे, हा त्यावरचा कायमचा इलाज होय.

रिकामा पासवर्ड नडतो

रस्ता मोकळा असूनही दार उघडत नसेल, तर प्रश्न ओळखीचा असतो. वेळ वाचावा म्हणून दुकानांतील संगणक पासवर्डविना ठेवले जातात. तथापि, ज्या खात्याला पासवर्ड नाही त्या खात्याने दुसऱ्या संगणकावरून आत येण्यास विंडोज मज्जाव करते. त्यावर पळवाट म्हणून 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करण्याची प्रथा पडली. त्यामुळे कोणीही 'पाहुणा' म्हणून आत येऊ शकत असे. 'विंडोज ११'च्या २०२४ मधील '२४एच२' आवृत्तीने ही पळवाटही अरुंद केली. तिच्या 'प्रो' प्रकारात ओळख न देणाऱ्या पाहुण्याची वाट मुळातच बंद असते आणि प्रत्येक संदेशावर ओळखीची सही असावी, असा आग्रह असतो. पाहुण्याजवळ पासवर्ड नाही, म्हणून सहीही नाही. 'संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यास प्रवेश नाही' अशा आशयाचा इंग्रजी संदेश दिसतो, तो याच कारणाने. तेथे प्रत्यक्षात कोणतीही संस्था नसते. तो कंपनीचा मूळ नियम असतो.

यावरील उपाय सोपा आहे. ज्या संगणकात फायली आहेत त्यावर 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' विभागातून एक स्वतंत्र स्थानिक खाते उघडावे, त्याला पासवर्ड द्यावा आणि अन्य सर्व संगणकांनी त्याच नावाने आत यावे. 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर खूण केल्यास हे एकदाच करावे लागते. येथे चार आकडी पिन चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. जुना पासवर्ड आधीच साठविलेला असेल, तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून तो काढून टाकावा. अन्यथा संगणक तोच चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा पुढे करीत राहतो.

दिंडी दरवाजा आणि आतली खोली

फोल्डर दिसतो, पण 'अॅक्सेस डिनाइड' असा नकार येतो, ही तिसरी तऱ्हा. फोल्डरला परवानग्यांचे दोन थर असतात. 'शेअरिंग'चा थर म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. 'सिक्युरिटी'चा थर म्हणजे आतल्या खोलीचे कुलूप. दोन्ही उघडल्याखेरीज आत जाता येत नाही आणि दोहोंपैकी जो कडक, त्याचाच हुकूम चालतो. 'फॉरमॅट मारून' नवी प्रणाली बसविली असेल, तर आधीची खाती नाहीशी होतात. दुसऱ्या ड्राइव्हवरील जुने फोल्डर मात्र त्या नाहीशा झालेल्या खात्यांच्याच नावावर राहतात. अशा वेळी 'सिक्युरिटी'मध्ये जाऊन मालकी नव्या खात्याकडे घ्यावी आणि नव्या स्थानिक खात्याला लागेल तेवढीच परवानगी द्यावी. ज्याला केवळ वाचायचे आहे, त्याला पुसण्याचा अधिकार कशासाठी?

जुनी यंत्रे आणि प्रिंटर

खरी पंचाईत होते ती जुन्या यंत्रांची. 'विंडोज एक्सपी'वरील संगणकाला एसएमबीची पहिली पिढीच तेवढी येते. 'विंडोज ७'ला मात्र दुसरी पिढी समजते. म्हणजे 'विंडोज ७' आणि 'विंडोज ११' एकमेकांशी बोलू शकतात. एक्सपीशी संवाद संपला. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली आहे. अनेक जुनी झेरॉक्स यंत्रेही स्कॅन केलेला कागद पहिल्या पिढीच्या भाषेतच फोल्डरमध्ये पाठवितात. त्यांच्यासाठी प्रथम उत्पादकाची नवी आज्ञावली मिळते का, ते पाहावे. ती नसेल, तर पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलवर स्कॅन करण्याचा मार्ग स्वीकारावा.

एका संगणकाला जोडलेला प्रिंटर दुसऱ्यावरून वापरताना अडचण आल्यास त्याचे मूळ वेगळे असू शकते. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत गंभीर दोष उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. त्या वर्षी सप्टेंबरमधील दुरुस्तीनंतर अनेकांचे सामायिक प्रिंटर बंद पडले होते. एक संगणक अद्ययावत आणि दुसरा मागासलेला, अशी विषम जोडी असल्यास हे घडते. दोन्हींवर सर्व दुरुस्त्या बसवाव्यात. प्रिंटरला स्वतःची वायफाय वा केबल जोडणी असेल, तर प्रत्येक संगणकावर तो थेट जोडणे श्रेयस्कर. मधला संगणक बंद असला तरी काम अडत नाही.

हे मात्र करू नये

एसएमबीची पहिली पिढी 'विंडोज फीचर्स'मधून पुन्हा चालू करता येते. फायरवॉल एका टिचकीसरशी बंद होते. फोल्डर 'एव्हरीवन'ला पूर्ण अधिकाराने खुला करता येतो. या तिन्ही उपायांनी काम लगेच सुरू होते, हे खरे. पण सेवा केंद्राच्या त्या फोल्डरमध्ये असते काय? गावकऱ्यांची आधार कार्डे, बँक पासबुकांच्या प्रती, सातबारे, जातीचे दाखले. दुकानाचा वायफाय पासवर्ड दहा जणांना ठाऊक असेल, तर हा ऐवज दहा जणांसमोर उघडा पडतो. आणि खंडणीखोर विषाणू एका संगणकात शिरला, तर सर्व संगणकांतील फायली कुलूपबंद होतात. नागरिकांच्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. कायद्याचा धाक क्षणभर बाजूस ठेवला, तरी विश्वासाने हाती दिलेला कागद जपणे हे दुकानदाराचे कर्तव्यच ठरते.

प्रणाली बदलण्यापूर्वीची पूर्वतयारी फार मोठी नाही. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती संगणकापासून काढून ठेवावी. कोणता फोल्डर कोणासाठी खुला आहे, संगणकांची नावे, खाती आणि आयपी क्रमांक वहीत टिपावेत. जुन्या प्रिंटरच्या व स्कॅनरच्या चालक आज्ञावल्या नव्या प्रणालीसाठी उपलब्ध आहेत का, याची खातरजमा करावी. सर्व संगणक एकाच दिवशी न बदलता आधी एक बदलून दोन दिवस पाहावे. आणि अर्जाची अंतिम मुदत तोंडावर असताना हे काम मुळीच काढू नये.