बंद ट्रॅक्टरचा लोडर हळूहळू खाली का येतो?

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेला लोडर वर उचलला, इंजिन बंद केले आणि लिव्हरला हातही लावला नाही, तरी तासाभरात बकेट वीतभर खाली आलेली दिसते. सकाळपर्यंत ती जमिनीला टेकते. यावर निदान लगेच होते: ‘जॅकचे सील गेले.’ मग सील किट आणले जाते, दोन्ही सिलिंडर खोलले जातात, मजुरी दिली जाते आणि लोडर पूर्वीसारखाच उतरत राहतो. कारण लोडरचे आर्म खाली येतात तेव्हा दोष बहुधा सिलिंडरमध्ये नसून व्हॉल्व्हमध्ये असतो.

लोडर वर कशाच्या आधारावर टिकतो?

लोडरच्या आर्मखाली दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर असतो. पंपाकडून येणारे ऑईल पिस्टनच्या खालच्या बाजूला गेले की रॉड बाहेर येतो आणि आर्म वर जातात. वरच्या बाजूला ऑईल सोडले की आर्म खाली येतात. ऑईल कोणत्या बाजूला जायचे हे चालकाजवळचा कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. लिव्हर न्यूट्रलला आला की व्हॉल्व्ह दोन्ही वाटा बंद करतो आणि ऑईल सिलिंडरमध्ये कोंडले जाते. इंजिन बंद असताना सगळे वजन या कोंडलेल्या ऑईलवर उभे असते.

यातले थोडेसे ऑईल निसटले तरी पुरते. समजा, दोन्ही सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलीमीटर आहे आणि रॉड १ सेंटीमीटर सरकला की बकेट सुमारे ६ सेंटीमीटर सरकते. मग बकेट १० सेंटीमीटर खाली यायला दोन्ही सिलिंडरमधून मिळून फक्त ६५ मिलीलीटर ऑईल जावे लागते. हे कटिंग चहाच्या ग्लासात मावेल. तासाभरात एवढे ऑईल जाणे म्हणजे मिनिटाला सुमारे २० थेंब.

हे थेंब जातात कुठून?

कंट्रोल व्हॉल्व्हच्या आत स्पूल असतो. स्पूल म्हणजे खाचा पाडलेला, गुळगुळीत घासलेला पोलादी दांडा. तो व्हॉल्व्हच्या बॉडीतल्या भोकात मागे-पुढे सरकतो आणि ऑईलच्या वाटा उघडतो किंवा बंद करतो. या वाटांच्या मध्ये रबरी सील नसते. धातूवर धातू इतका जवळ बसवलेला असतो की फट जेमतेम काही मायक्रॉनची राहते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. ही फट ठेवावीच लागते, नाहीतर स्पूल अडकून बसेल.

म्हणून अगदी नवा लोडरही थोडा खाली येतो. किती उतार चालेल याची मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

झीज वाढली की मात्र गणित झपाट्याने बदलते. अशा फटीतून जाणारे ऑईल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. ऑईलमधली धूळ, माती आणि धातूचा कीस स्पूलवर चरे पाडतात, आणि फट अशीच रुंदावत जाते. ऑईल तापून पातळ झाले की गळती आणखी वाढते. सकाळी तग धरणारा लोडर दुपारच्या कामानंतर लवकर बसतो, तो यामुळे.

मग पिस्टनचे सील फाटले तर?

सील फाटले की खालचे ऑईल वरच्या बाजूला जाईल आणि लोडर बसेल, असे वाटणे साहजिक आहे. पण वरच्या बाजूला रॉड असतो आणि तो जागा अडवतो. वरच्या उदाहरणात रॉड ३० मिलीमीटर जाडीचा धरू. आर्म खाली येताना रॉड १ सेंटीमीटर आत शिरला, तर दोन्ही सिलिंडरमध्ये मिळून खालून ३९ मिलीलीटर ऑईल हटते, पण वर जागा होते फक्त २५ मिलीलीटरची. उरलेल्या १४ मिलीलीटरला जायला वाट नाही. ऑईल दाबले जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह घट्ट असेल तर सील फाटूनही आर्म किंचित दबून थांबतात.

सील फाटल्याचा परिणाम दुसरीकडे होतो. आता सगळे वजन पिस्टनच्या पूर्ण क्षेत्रफळाऐवजी फक्त रॉडच्या क्षेत्रफळावर पेलले जाते, त्यामुळे ऑईलचा दाब जवळजवळ पावणेतीनपट होतो. झिजलेल्या व्हॉल्व्हमधून मग गळतीही जास्त होते. म्हणजे सील बदलल्यावर उतार थोडा कमी होईल, पण व्हॉल्व्ह गळका असेल तर तो थांबणार नाही.

बकेट पुढे कलंडणे ही वेगळी गोष्ट आहे. बहुतेक लोडरमध्ये बकेट उलटताना तिच्या सिलिंडरचा रॉड बाहेर येतो. वजन रॉडला बाहेर ओढते, रॉडकडच्या बाजूचे ऑईल फाटक्या सीलमधून दुसऱ्या बाजूला जाते आणि तिथे जागा भरपूर असते. त्यामुळे आर्म स्थिर असून फक्त बकेटचे तोंड झुकत असेल, तर सीलवर संशय घेणे रास्त आहे.

ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टचा अनुभवही इथे फसवतो. तिथला सिलिंडर एकेरी असतो. ऑईल पिस्टनच्या एकाच बाजूला असते आणि सीलमधून निसटलेले ऑईल सरळ हाउसिंगमध्ये परत जाते. त्यामुळे तिथे सील गेले की लिफ्ट खरोखरच खाली येते. तोच नियम लोडरला लावला की सील किटचा खर्च वाया जातो.

दोष कसा ओळखावा?

बकेट जमिनीपासून फूटभरच वर ठेवावी, इंजिन बंद करावे आणि दूर उभे राहून किती मिनिटांत किती उतार झाला ते लिहून ठेवावे. हेच ऑईल थंड असताना आणि काम झाल्यावर करावे. मग लक्षणे जुळवावीत.

- आर्म उतरतात, पण भरलेली बकेट जोमाने उचलली जाते: व्हॉल्व्ह.
- आर्म उतरतात आणि उचलण्याची ताकदही कमी झाली आहे: सील तपासावे. पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्हचाही दोष असू शकतो.
- होस, जोड किंवा सिलिंडर ऑईलने ओला दिसतो: बाहेरची गळती.
- उचलायला लिव्हर ओढताच आर्म आधी क्षणभर खाली जातात: व्हॉल्व्हमधला चेक व्हॉल्व्ह. हा दोष वेगळा आहे.

खर्च कुठे करावा?

आधी लिव्हरची केबल आणि सांधे पाहावेत. केबल जाम असेल किंवा सांध्यात माती बसली असेल, तर स्पूल पूर्ण न्यूट्रलला येत नाही आणि वाट किंचित उघडी राहते. साफसफाईने हा दोष जातो. त्यानंतर ऑईलचा ग्रेड आणि फिल्टर तपासावा.

स्पूल खरेच झिजला असेल तर त्याच्या टोकांच्या ओ-रिंग बदलून उपयोग नाही. त्या ऑईलला व्हॉल्व्हबाहेर येऊ देत नाहीत, पण आतली गळती अडवत नाहीत. अशा वेळी व्हॉल्व्ह किंवा त्याचा तो भाग बदलावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे सिलिंडरवरच लॉक व्हॉल्व्ह बसवणे. त्याने कोंडलेले ऑईल स्पूलपर्यंत पोहोचतच नाही, आणि होस फुटली तरी आर्म धाडकन खाली येत नाहीत.

उचललेल्या लोडरखाली कधीही जाऊ नये

हळू उतरणारा लोडर धोक्याचा वाटत नाही. पण तोच लोडर होस फुटली किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला, तर क्षणात खाली येतो. अनेक लोडरच्या लिव्हरला फ्लोट ही जागा असते. लिव्हर तिथे गेला की दोन्ही बाजूंचे ऑईल मोकळे होते, आणि त्यासाठी इंजिन चालू असण्याची गरज नसते. लहान मुलाचा धक्काही पुरतो. म्हणून ट्रॅक्टर सोडताना बकेट जमिनीवर टेकवावी आणि किल्ली काढावी. आर्म वर ठेवूनच काम करायचे असेल, तर कंपनीचा लोखंडी लॉक सिलिंडरच्या रॉडवर लावावा. विटा, लाकडी ओंडका किंवा साधा जॅक यांवर भरवसा ठेवू नये.

होसमधली बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालची ऑईलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठावे आणि आत हायड्रॉलिक ऑईल गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.