मणक्याचे ऑपरेशन : पैसे भरण्याआधी हे विचारा

गुलमंडीच्या कापड बाजारात कंबरेचे दुखणे नवे नाही. हमाल गठाणी उचलतात, आम्ही दुकानदार दिवसभर गादीवर बसतो. मामला ऑपरेशनपर्यंत गेला की घरचे लोक दोनच सवाल करतात : डॉक्टर कोण आणि खर्च किती? तिसरा सवाल राहून जातो : रुग्ण बेशुद्ध असताना त्याच्या नसांवर नजर कोण ठेवणार?

मणक्याच्या आत मज्जारज्जू असतो. मेंदूचा हुकूम पायांकडे आणि पायांची खबर मेंदूकडे त्यातूनच जाते. ऑपरेशनमध्ये त्यावर दाब आला किंवा त्याचा रक्तपुरवठा कमी झाला, तर पाय लुळे पडू शकतात.

फ्रान्समध्ये स्टॅग्नारा व सहकाऱ्यांनी १९७३ साली एक पद्धत मांडली. ऑपरेशन चालू असताना रुग्णाला थोडे शुद्धीवर आणून पाय हलवायला सांगत. पण नुकसान नेमके केव्हा झाले, हे त्यातून कळत नसे.

आता घोट्याजवळच्या नसेला विजेचा हलका झटका देतात आणि त्याची लहर मेंदूपर्यंत पोहोचते का, ते डोक्याला लावलेल्या तारांवरून पाहतात. हुकुमाची वाट तपासताना झटका डोक्यावर देतात आणि नोंद पायाच्या स्नायूंत घेतात. कवटी न उघडता हे जमते, हे इंग्लंडात मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० मध्ये दाखवले. घोट्याकडून येणारी लहर निम्म्याने उतरली की इशारा मिळतो. सर्जन हात थांबवून स्क्रू आणि ताण तपासतात, भूलतज्ज्ञ रक्तदाब सांभाळतात. स्वयंचलित मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो आणि पुढचे कापड वाचते, तसाच हा प्रकार.

पण नुसत्या मशीनवर भरवसा ठेवू नये. १९९५ मध्ये अमेरिकेत ५१,२६३ ऑपरेशनांची पाहणी छापून आली. अशा तपासणीत मुरलेल्या पथकांकडे नसांचे नुकसान, कमी तजुर्बा असलेल्या पथकांच्या निम्म्याहूनही कमी होते. भूल देतानाही आधी ठरवावे लागते, कारण स्नायू ढिले करणारे औषध जास्त झाले तर पायातली नोंद मिळत नाही.

प्रत्येक ऑपरेशनला ही निगराणी लागत नाही. वाकडा कणा सरळ करणे, मज्जारज्जूतील गाठ काढणे अशा जोखमीच्या कामात तिची खरी गरज असते. कमरेच्या साध्या गादीच्या ऑपरेशनला ती सहसा लागत नाही. तेथे फुकटचा खर्च नको.

आता हिशोबाची बाब. विमा नियामक मंडळाने २०१९ च्या नियमांत १२ आधुनिक उपचारांची यादी दिली, त्यात ही निगराणी 'आयओएनएम' या नावाने आहे. त्या नियमांनुसार कंपनीला ती सरसकट वगळता येत नव्हती, मात्र खर्चाला मर्यादा घालता येत होती. म्हणून पॉलिसीत हा शब्द शोधावा आणि मर्यादेची रक्कम पाहावी.

वाचक बंधूंनी अंदाजपत्रक घेताना चार गोष्टी लेखी विचाराव्यात : आमच्या रुग्णाला निगराणी लागेल का? यंत्रावर कोण बसणार, त्याने अशी किती ऑपरेशने पाहिली? तारांचे आणि तंत्रज्ञाचे बिल पॅकेजमध्ये आहे की वेगळे? विमा किती देणार? आम्ही ताका घेताना पन्हा मोजतो, रंग उजेडात पाहतो. येथे तर माणसाच्या चालण्याफिरण्याचा सवाल आहे. विचारण्यात संकोच कशाला?