टेकडीवर भरणारे कवितावाचन

कोलंबियातील मेदेयीन शहराचा आंतरराष्ट्रीय कविता महोत्सव हा समकालीन कवींच्या जाहीर वाचनाचा जगातील एक मोठा उपक्रम. कवितेला वाहिलेले ‘प्रोमेतेओ’ हे नियतकालिक चालवणाऱ्या कवींनी १९९१मध्ये तो सुरू केला. फर्नांदो रेंदोन हे त्यांतले प्रमुख.

सुरुवातीच्या त्या वर्षाकडे पाहिल्याशिवाय महोत्सवाचे मोल कळत नाही. पाब्लो एस्कोबारच्या अमली पदार्थांच्या टोळीने शहर वेठीला धरले होते. १९९१ या एका वर्षात मेदेयीनमध्ये ६,०००हून अधिक खून झाले. मोटारींत पेरलेले बॉम्ब आणि भाडोत्री मारेकरी यांच्या धास्तीने लोक अंधार पडायच्या आत घर गाठत. या मारेकऱ्यांत गरीब वस्त्यांतली मिसरूड न फुटलेली पोरेही होती. अशा दिवसांत कवींनी बंदिस्त सभागृह टाळले आणि शहरातली नुतिबारा टेकडी गाठली. भीतीने हिरावलेली मोकळी जागा माणसांनी पुन्हा भरून काढायची, हाच त्यामागचा विचार होता आणि महोत्सवाचा खरा गाभाही तोच.

टेकडीवरच्या कार्लोस व्हिएको खुल्या नाट्यगृहात हजारो श्रोते दगडी पायऱ्यांवर बसतात. पाऊस आला तरी बरेचसे हलत नाहीत. कवी आधी स्वतःच्या भाषेत वाचतो, मग त्याच कवितेचा स्पॅनिश अनुवाद वाचला जातो. न कळणाऱ्या भाषेतला नादही लोक शांतपणे ऐकतात, हे विशेष. चाल लावलेल्या किंवा हमखास टाळ्या घेणाऱ्या कवितांनीच मंच जिंकता येतो, असे मानणाऱ्यांनी ही गर्दी पाहावी. इथे वाचली जाते ती बहुतांशी मुक्तछंदातली, आजची कविता. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. उद्याने, विद्यापीठे, ग्रंथालये, डोंगरउतारावरच्या वस्त्या आणि तुरुंग इथेही वाचने होतात. वोले सोयिंकांसारखे नोबेलविजेतेही येथे येऊन गेले आहेत.

२००६मध्ये महोत्सवाला ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत दलित स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या भारताच्या रूथ मनोरमा होत्या. २००९मध्ये कोलंबियाच्या संसदेने कायदा करून महोत्सवाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

पुढे शहरातले खुनांचे प्रमाण खूप खाली आले. त्याचे श्रेय एकट्या कवितेला देणे योग्य नव्हे. १९९३मध्ये एस्कोबार मारला गेला, २००४पासून उतारावरच्या वस्त्या केबल कारने मेट्रोला जोडल्या गेल्या, तिथे ग्रंथालये उभी राहिली. मात्र ही कामे व्हायच्या कितीतरी आधी, शहर सर्वांत घाबरलेले असताना, लोकांना निःशस्त्र एकत्र बसवण्याचे काम या वाचनांनी केले. २०११मध्ये निरनिराळ्या देशांतले काव्यमहोत्सवांचे संयोजक मेदेयीनमध्येच जमले आणि त्यांनी ‘जागतिक कविता चळवळ’ स्थापन केली.