रोहूच्या आतड्याची राखण

कुरुंद्याच्या शिवारात ज्या शेततळ्यावर मी माशांना खाऊ घालण्याचं काम पाहिलं, तिथले मालक सकाळी नऊच्या आत खाद्याच्या बादलीला हात लावत नाहीत. रात्रभर पाण्यातलं शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू वापरत असतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. अशा वेळी पोटभर खाल्लेला मासा आधी अडचणीत येतो, कारण खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो. ऊन पाण्यावर चांगलं आलं, हिरवट पाणी पुन्हा प्राणवायू सोडू लागलं, की मग बादली उचलायची. आभाळ भरून आलेलं असेल तर त्या दिवशी खाद्य निम्मं, नाहीतर बंदच.

खाद्याची तयारी मात्र आधीपासून चाललेली असते. घमेल्यात तरंगतं दाणेदार खाद्य ओतलेलं. बाजूला छोटा डिजिटल काटा, त्यावर घरातल्या सूनबाई फिकट तपकिरी पूड मोजतात, किलोमागे तीन ग्रॅम. ही पूड थेट घमेल्यात टाकत नाहीत. आधी मूठभर चुरा खाद्यात ती कालवायची, मग तो चुरा सगळ्या दाण्यांत फिरवायचा. नाहीतर एका कोपऱ्यात पूड आणि बाकीचे दाणे कोरडे राहतात. नंतर किलोमागे चमचा-दोन चमचे तेल शिंपडून हाताने खालीवर करायचं. तेलाचा लेप नसेल तर पाण्यात पडल्या पडल्या पूड धुऊन जाते आणि तळ्यालाच खाऊ घातल्यासारखं होतं. शेवटी अर्धा तास सावलीत पसरायचं. उन्हात नाही, कारण तेल खवट होतं आणि खाद्यातली जीवनसत्त्वंही कमी होतात. कालवलेलं खाद्य त्याच दिवशी संपवायचं.

ही पूड म्हणजे यीस्टच्या पेशींची भिंत. यीस्ट कारखान्यात वाढवतात ते बहुतेक वेळा उसाच्या मळीवर. टोकाई सहकारी साखर कारखान्याच्या या गावात आणि वसमतच्या ‘पूर्णा’ कारखान्याच्या परिसरात मळी कुणाला सांगायला नको. यीस्टची पेशी फोडून आतला रस काढून घेतला की जी टरफलं उरतात, त्यांच्या बाहेरच्या थरात मॅनन आणि आतल्या थरात बीटा-ग्लुकन असतं. या दोन्ही लांब साखळीच्या साखरा. माशाच्या स्वतःच्या पाचकरसांना त्या तुटत नाहीत, आणि त्यांचं सगळं मोल त्या न तुटण्यातच आहे. त्या आतड्यात पुढे सरकतात आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंच्या वाट्याला येतात.

रोहू चिरून पाहिला तर हे लवकर कळतं. रोहू, कटला, मृगल या माशांना आपल्यासारखं जठर नसतंच. घशातल्या दातांनी भरडलेलं अन्न थेट आतड्यात उतरतं, आणि हे आतडं शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट लांब, वेटोळी घालून बसलेलं असतं. आम्लाचा पहारा नसल्यामुळे पाण्यातला बरा-वाईट कुठलाही जिवाणू आत शिरू शकतो. चांगल्या जिवाणूंची वस्ती दाट असेल तर ते आम्लं तयार करतात, आतड्याच्या अस्तराला त्यातून पोषण मिळतं आणि एरोमोनाससारख्या रोगट जिवाणूंना जागा उरत नाही. मॅननचं आणखी एक काम आहे. कित्येक रोगजंतूंच्या अंगावर बारीक तंतू असतात आणि ते आतड्याला चिकटण्यासाठी मॅनोज नावाची साखर शोधत असतात. बाभळीच्या काट्याला कापूस अडकावा तसे हे जंतू पुडीतल्या मॅननला अडकतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. बीटा-ग्लुकनची वाट वेगळी. माशाच्या संरक्षक पेशी त्याला बुरशीची भिंत समजून जाग्या होतात.

अशा न पचणाऱ्या पण जिवाणूंना पोसणाऱ्या घटकांना प्रीबायोटिक हे नाव १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या संशोधकांनी दिलं, तेही माणसाच्या आतड्याचा विचार करताना. दुकानात याच्या शेजारीच प्रोबायोटिकची पाकिटं असतात. त्यात जिवाणूच असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ती पाकिटं ठेवली तर त्यातले बरेचसे मरून जाण्याचा धोका असतो. यीस्टच्या भिंतीत मरण्यासारखं काही नसतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा फरक लहान नाही.

इथल्या शेततळ्यांना या पुडीची गरज मातीच्या तलावापेक्षा जास्त का पडते, हे तळ्याच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. खाली प्लॅस्टिकचं अस्तर आहे. चिखल नाही, म्हणून चिखलातले किडे-जंत नाहीत. पाणी पिकाला जायचं असतं, जानेवारीपर्यंत हळदीला, पुढे केळीला आणि उसाला. शेणखत घालून पाणी दाट हिरवं करावं तर ठिबकच्या जाळ्या तुंबतात. मग मासा जवळजवळ पूर्णपणे घमेल्यावर अवलंबून राहतो. मार्चनंतर पाणी उपसत जातं तसे तेवढेच मासे थोड्या पाण्यात दाटतात. आणि डिसेंबरात पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की मासा कमी खातो, प्रतिकारशक्ती मंदावते, अंगावर लाल चट्टे उठतात. हा व्रणरोग १९८८ पासून भारतात आहे. अफानोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव त्याच्या मुळाशी असतो.

चट्टे दिसले की पुष्कळजण औषधाच्या दुकानात जाऊन प्रतिजैविकाची पूड मागतात. त्यातली बरीच या रोगावर चालतच नाहीत. जे पाण्यात उतरतं ते माशाच्या मांसात आणि ठिबकमधून शेतातही जातं, आणि त्याला दाद न देणारे जिवाणू मागे राहतात. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. प्रीबायोटिक पुडींचा व्यापार वाढण्यामागे ही बंदी मोठं कारण आहे.

म्हणून ही पूड मला महत्त्वाची वाटते. पण तिच्या नावावर जे खपवलं जातं ते सगळं मला मान्य नाही. ती औषध नाही. चट्टे उठल्यावर सुरू करून उपयोग नाही. थंडी पडण्याच्या आधी काही आठवडे ती पोटात जायला हवी. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत असतील तर तिथे पाणी बदलायचं, हवा खेळवायची. पुडीचं ते काम नव्हे. जास्त घातली तर जास्त गुण, असंही नाही. इन्युलिन हे दुसरं एक प्रीबायोटिक. आर्क्टिक चार या थंड पाण्यातल्या माशाला आहारात पंधरा टक्के इन्युलिन दिलं तेव्हा त्याच्या आतड्याच्या पेशींना इजा झालेली आढळली. तो प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे किलोमागे तीन ग्रॅम म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

हळदीचंही तसंच. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि या भागात माशांच्या खाद्यात चिमूटभर हळद घालणारे भेटतात. हळदीचा गुण आहेच, चुन्याबरोबर तर ती व्रणरोगात वापरतात. मात्र तिचं काम जिवाणूंना पोसण्याचं नाही, त्यामुळे ती या पुडीची जागा घेत नाही. लसणाची गोष्ट वेगळी, त्यात इन्युलिनच्या कुळातल्या साखरा खरोखरच असतात. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सोयाबीन घरचं आहे म्हणून ते कच्चं भरडून तळ्यात टाकू नका. त्यातला पचन रोखणारा घटक भाजल्या-शिजवल्याशिवाय जात नाही. एका हाताने पूड घालायची आणि दुसऱ्या हाताने कच्चं सोयाबीन, यात आतड्याचं नुकसानच होतं.

मालक दर पंधरवड्याला फेकजाळं टाकून थोडे मासे काढतात, वजन करतात, कल्ले उघडून पाहतात, खवल्यांवर उवा आहेत का तपासतात आणि वहीत लिहितात. खाद्य वीस मिनिटांत संपलं की नाही हेही त्या वहीत आहे. पूड सुरू केल्यापासून हिवाळ्यात मर कमी झाली, असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते खोटं वाटत नाही. पण त्याच वर्षी त्यांनी बोटुकली कमी सोडली होती आणि पाणीही राखून ठेवलं होतं. एकाच तळ्यावरून पुडीचा गुण किती आणि गर्दी कमी केल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

हे वेगळं काढण्याचं काम एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालू नये. पुडीच्या मात्रा ठरल्या त्या बहुतांशी प्रयोगशाळेतल्या टाक्यांत आणि मातीच्या तलावांत. प्लॅस्टिकचं अस्तर, उन्हाळ्यात घटणारं पाणी आणि शेणखताची मनाई असलेली आमची तळी त्यांहून वेगळी आहेत. उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आणि तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र यांनी वसमत-कळमनुरी भागातली थोडी शेततळी निवडावीत, अर्ध्यांत पूड घालावी, अर्ध्यांत घालू नये. बोटुकली सारखीच सोडावीत, दोन हिवाळे नोंदी ठेवाव्यात आणि निकाल, नफ्याचा असो की तोट्याचा, मराठीत गावोगाव लावावा. त्यासाठी तळी आणि वह्या द्यायला कुरुंद्याचे शेतकरी मागे हटणार नाहीत.