मुलाम्याखालचे अस्तर

पितळी वा तांब्याच्या दागिन्यावर सोन्याचा मुलामा थेट चढवला, तर तांब्याचे अणू त्या पातळ थरातून हळूहळू वर सरकतात (या क्रियेला विसरण म्हणतात) आणि हवेशी संयोग पावून झळाळी काळवंडवतात. म्हणून मध्ये अटकाव करणारे धातूचे अस्तर देतात. स्वस्त, कठीण व चकचकीत निकेल या कामी रुळले खरे, परंतु घामात सुटणारे त्याचे आयन अनेकांच्या त्वचेवर खाज व पुरळ उठवतात. युरोपीय संघाने म्हणूनच त्वचेला दीर्घकाळ टेकणाऱ्या दागिन्यांतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे सुटणाऱ्या निकेलची मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम, तर टोचलेल्या छिद्रातील भागासाठी ०.२ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. तांबे, कथील व जस्त यांचे पांढरे कांसे हा परवडणारा पर्याय असला, तरी त्यातही तांबे असल्याने त्यावर महागड्या पॅलेडियमचा पातळ थर देऊन मग सोने चढवण्याची पद्धत आहे. कानातल्यांसाठी निकेलचे अस्तर टाळलेलेच बरे.