रक्तातील प्रथिने आणि कर्करोगाची चाहूल



गेल्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेने ‘संपूर्ण शरीर तपासणी’ करवून घेतली. अहवालात ‘सीए-१२५’ या नावापुढे आकडा होता ६८, मर्यादा होती ३५. तीन आठवडे घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. शेवटी निघाला तो गर्भाशयाच्या अस्तराचा जुना विकार. कर्करोग नव्हताच! तेव्हाच ठरवले, की हा विषय आपल्या अंकात मांडायचा. माझे बी.एस्सी. हिंदी माध्यमातले, तिथे ‘प्रोटीन’ म्हणत. आपण प्रथिने म्हणू.

कर्करोगाच्या पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात. ती हेरली, तर गाठ लहान असतानाच रोग कळेल, अशी ही कल्पना आहे. अशा खुणेच्या प्रथिनाला ‘बायोमार्कर’ म्हणतात. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-१२५ शोधले.

मग अडचण कुठे आहे? रक्तद्रवातील निम्म्याहून अधिक प्रथिन एकटे अल्ब्युमिन असते. लहानशा गाठीचे प्रथिन त्यात शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. शिवाय सीए-१२५ मासिक पाळीत, गरोदरपणात, पोटाच्या क्षयरोगातही वाढते. आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या अवस्थेत सुमारे निम्म्या रुग्णांत वाढतच नाही.

आता थोडे गणित. समजा, १०,००० स्त्रियांपैकी ४ जणींना रोग आहे. चाचणी चौघींनाही ओळखते आणि निरोगी स्त्रियांत शंभरात फक्त एकदा चुकते. तरीही सुमारे १०० निरोगी स्त्रियांना ‘रोग असावा’ असा निरोप जाईल. म्हणजे घाबरलेल्या १०४ जणींत खऱ्या रुग्ण चारच!

ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात दोन लाखांहून अधिक स्त्रियांना एका अभ्यासात घेतले. एका गटाचे सीए-१२५ दरवर्षी तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. त्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत अधिक सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर कळणे आणि जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

म्हणून ही प्रथिने निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही. रोगाचे निदान झाल्यावर उपचार लागू पडतात की नाही, हे पाहण्यासाठी डॉक्टर सीए-१२५ वापरतात. एकाऐवजी अनेक प्रथिने एकत्र तपासण्याचे संशोधनही चालू आहे.

आणि साध्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी केली. साधन काय, तर पातळ केलेले ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल! तपासणाऱ्या होत्या प्रशिक्षित आरोग्यसेविका. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

माता-भगिनींना एवढीच विनंती, की अहवालातला एखादा आकडा पाहून खचू नका आणि आकडा चांगला आला म्हणून लक्षणे अंगावर काढू नका. अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा. नणंदबाईंनी तो आधी मला दाखवला, आणि मी शास्त्राची पदवीधर असूनही घाबरलेच!

– प्राचार्या