एकाच पायाची सूज अंगावर काढू नका

पाय सुजल्याची तक्रार घेऊन रुग्ण आला की मी पहिला प्रश्न विचारतो, सूज एका पायाला आहे की दोन्ही? दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तक्षय यांचा विचार करावा लागतो. एकच पाय दोन-चार दिवसांत सुजला, पोटरी ठणकू लागली, हाताला गरम लागली, तर मात्र खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी तर झाली नाही ना, हे आधी पाहावे लागते.

मांडीचे हाड मोडून खाटेवर पडलेले वृद्ध, नुकती मोठी शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती आणि बाळंतिणी यांना हा धोका अधिक. काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आणि तासन् तास बसून केलेल्या प्रवासामुळेही तो वाढतो.

सूज जोखण्यासाठी शिंप्याची टेप पुरते. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त असेल तर संशय बळावतो. पण फरक कमी म्हणून निर्धास्त राहू नये. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का, हे पाहण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही.

लचक भरली असे समजून पोटरी तेलाने चोळणे आपल्याकडे सर्रास चालते. गुठळीची शंका असेल तर पाय मुळीच चोळू नये. गुठळीचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसात अडकू शकतो. जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांनी हा प्रवास १८५६ च्या ग्रंथात मांडला होता. एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तत्काळ १०८ ला फोन करावा.

निदानासाठी डॉपलर सोनोग्राफी करतात. यंत्राने दाबल्यावर निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. सुई टोचावी लागत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणीही आहे. संशय कमी असताना ती नॉर्मल आली तर गुठळी नाही असे मानता येते. वाढलेली आली म्हणून मात्र गुठळी आहेच असे नाही, कारण गरोदरपणात, जंतुसंसर्गात व शस्त्रक्रियेनंतरही ती वाढते. पहिली सोनोग्राफी निर्दोष असूनही संशय उरला, तर आठवड्याने ती पुन्हा करावी लागते.

गुठळी वाढू न देणारी औषधे साधारणपणे किमान तीन महिने घ्यावी लागतात. सूज उतरली म्हणून ती मनाने बंद करू नयेत. दुसरे कोणतेही औषध, विशेषतः वेदनाशामक गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका असतो.

घरात कोणाचा एकच पाय सुजला असेल तर मलमात दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.